त्वचा आणि ‘क’ जीवनसत्त्व : बाटलीतले आणि ताटातले





दरवेळी या पानावर मी परीक्षा, निकाल आणि शिस्त यांविषयी लिहिते. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. तो निवडण्यास दोन कारणे घडली.

पहिले कारण नवरात्राच्या तोंडावरचे. नववीतील एक मुलगी सलग दोन दिवस प्रार्थनेच्या वेळी तोंडाला रुमाल लावून उभी होती. सर्दी असेल असे वाटून मी तिला जवळ बोलावले. रुमाल काढल्यावर दिसले की ओठांच्या कडेने आणि दोन्ही गालांवर ओघळ आल्यासारखे तपकिरी पट्टे उमटले होते. गरब्यात चेहरा उजळ दिसावा म्हणून आदल्या आठवड्यातील रविवारी तिने लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळला होता आणि तो वाळावा म्हणून भर दुपारी गच्चीवर बसली होती. दोन दिवसांनी आधी लाली आली, मग बारीक फोड आले आणि नंतर हे डाग. “बाई, लिंबात व्हिटॅमिन सी असते ना? सीरममध्येपण तेच असते. सीरम सहाशे रुपयांचे, लिंबू पाच रुपयांचे,” असे ती रडत रडत म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता, रसायनशास्त्र कच्चे होते. तिच्या आईच्या परवानगीने, नाव न देता, हा प्रसंग येथे सांगत आहे.

दुसरे कारण स्नेहसंमेलनाचे आहे. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एका व्यावसायिकाने या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा मंडपाचा आणि ध्वनिव्यवस्थेचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्याबदल्यात त्यांना शाळेच्या आवारात एक स्टॉल हवा आहे आणि आठवी ते दहावीच्या मुलींना ‘व्हिटॅमिन सी’ क्रीमच्या नमुन्याच्या पुड्या वाटायच्या आहेत. विश्वस्त मंडळाने याविषयी माझे मत मागितले आहे. ते मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. आधी विषय समजून घेऊ.

माझे शिक्षण पदवीपर्यंत इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात ‘विटामिन सी’ असे छापलेले असे. येथे मराठी शाळेत शिकवू लागल्यावर ‘क जीवनसत्त्व’ हा शब्द मिळाला आणि तो मला फार आवडला, कारण त्यात ‘जीवन’ही आहे आणि ‘सत्त्व’ही आहे. तेव्हा भाषेत कोठे हिंदीचा वास आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ओळख : खलाशांचा रोग आणि एक मराठी शास्त्रज्ञा

पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ‘स्कर्व्ही’ नावाचा रोग होत असे. हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, कातडीवर काळे-निळे डाग पडत आणि जुन्या, भरून आलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडत. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील डॉक्टराने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. फळांतील हा गुणकारी पदार्थ कोणता, हे कळायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १९२८ साली अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने केंब्रिज येथे एक आम्ल वेगळे केले. पुढे तेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या आम्लाचे नाव ‘अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड’, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारे आम्ल.

त्याच केंब्रिजमध्ये काही वर्षांनी आपली एक मराठी मुलगी पोहोचली. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. जन्म १९११ साली इंदूरला. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन त्या संशोधनासाठी बंगळूरच्या संस्थेत गेल्या, तेव्हा तेथील संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून पुढे मुलींना तेथील दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवून त्या भारतात परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नीरेचा अभ्यास केला आणि ताडाच्या झाडाच्या या स्वस्त रसात ‘क’ जीवनसत्त्वही चांगल्या प्रमाणात असल्याचे दाखवले. गरिबाच्या आहारात काय भर घालता येईल, हा त्यांच्या कामामागचा प्रश्न होता.

कमलाताईंचे आणखी एक काम आपल्या आजच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. मुंबईच्या ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या ग्राहकसंस्थेत त्यांनी सक्रिय भाग घेतला, काही काळ अध्यक्षपदही सांभाळले आणि संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून ग्राहकांसाठी लेखन केले. वस्तू घेताना जाहिरात बाजूला ठेवून आत काय आहे ते पाहावे, हीच ग्राहक-चळवळीची शिकवण. हा लेख वाचताना तीच सवय ठेवू या.

आपल्या शहराचाही या कथेत वाटा आहे. वडोदऱ्यातील साराभाई समूहाच्या कारखान्यात एके काळी ‘क’ जीवनसत्त्व तयार होत असे. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी तेथे नोकरीही केली असेल. आज जगातील बहुतेक ‘क’ जीवनसत्त्व चीनमध्ये बनते. ते संत्री पिळून निघत नाही. ग्लुकोजपासून रासायनिक प्रक्रियेने आणि जिवाणूंच्या मदतीने ते तयार केले जाते. त्यात वाईट काहीच नाही, कारण रेणू तोच असतो. परंतु बाटलीवर संत्र्याचे चित्र आहे म्हणून आत संत्रे आहे असे समजू नये, आणि संत्र्यात जे आहे तेच बाटलीत असल्यामुळे संत्रे चेहऱ्यावर चोळले तरी चालेल असेही समजू नये.

त्वचेत त्याचे काम काय?

आपल्या त्वचेला बळकटी देणारे एक प्रथिन असते, त्याचे नाव कोलॅजेन. मुलींना समजेल असे सांगायचे तर कोलॅजेन म्हणजे तीनपेडी वेणी. तीन धागे एकमेकांभोवती पीळ घेतात आणि मजबूत दोरी तयार होते. वेणी घालून शेवटी रिबीन बांधली नाही तर शाळेत पोहोचेपर्यंत ती सुटते. कोलॅजेनचा पीळ टिकवण्यासाठी त्याच्या धाग्यांवर काही ठिकाणी छोटे रासायनिक बदल करावे लागतात आणि ते बदल ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय नीट होत नाहीत. म्हणजे हे जीवनसत्त्व रिबिनीचे काम करते. खलाशांच्या जुन्या जखमा पुन्हा का उघडत होत्या, त्याचे उत्तर येथे मिळते. वेणी सुटत होती.

दुसरे काम रक्षणाचे. कडक उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत काही उपद्रवी, अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींची नासधूस करतात. ‘क’ जीवनसत्त्व स्वतः झीज सोसून त्यांना शांत करते. म्हणूनच उन्हात त्वचेतील त्याचा साठा कमी होतो.

तिसरे काम रंगद्रव्याशी संबंधित आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याच्या एका पायरीवर हे जीवनसत्त्व थोडा अडथळा आणते. त्यामुळे मुरुमांचे किंवा उन्हाचे काळपट डाग हळूहळू फिके होण्यास मदत होऊ शकते. येथे ‘डाग’ हा शब्द नीट वाचावा. आई-वडिलांकडून मिळालेला त्वचेचा मूळ रंग याने बदलत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. गाय, बकरी, कुत्रा असे बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते रोज अन्नातूनच घ्यावे लागते आणि शरीर त्याचा मोठा साठाही करीत नाही. आतून मिळणारे ‘क’ रक्तावाटे त्वचेपर्यंत पोहोचते. म्हणून त्वचेची पहिली काळजी ताटात घेतली जाते.

ताटातले ‘क’

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला रोज सुमारे ८० मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीला सुमारे ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरेसे आहे. आता लारीवर पाहा. पेरूत, म्हणजे आपल्या जामफळात, १०० ग्रॅममागे साधारण २०० मिलिग्रॅम ‘क’ असते. मध्यम आकाराचे एक जामफळ खाल्ले की दिवसाची गरज भागून उरते. आवळा तर यात राजा आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये वेगवेगळ्या मोजण्यांत अडीचशेपासून सहाशे मिलिग्रॅमपर्यंत ‘क’ आढळले आहे. संत्रे, मोसंबी, लिंबू यांत ते चाळीस-पन्नासच्या आसपास असते. म्हणजे जाहिरातीतल्या संत्र्यापेक्षा आपले साधे जामफळ कितीतरी पुढे आहे! शेवग्याचा पाला, कोबी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कोथिंबीर यांतूनही ते मिळते.

हे जीवनसत्त्व नाजूक आहे. ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, चिरून तासन् तास ठेवू नये, शिजवताना झाकण ठेवावे. वरणावर लिंबू पिळायचे ते गॅस बंद केल्यावर, ताटात. कोशिंबिरीचे महत्त्व आपल्या आजी सांगत होत्या, त्याला विज्ञानाचा आधार आहे. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली बसून जेवण्याची, आवळी भोजनाची, पद्धत आपल्या घरांत होती. आवळ्याचा हंगाम सुरू होण्याची ती जणू सूचनाच होती. ज्या घरांत ही पद्धत मागे पडली असेल, त्यांनी निदान मोरावळ्याची बरणी तरी परत आणावी. मोरावळ्यात शिजवल्यामुळे ‘क’ कमी होते हे खरे, म्हणून सोबत कच्चा आवळा मीठ लावूनही खावा.

आपल्या सयाजीराव विद्यापीठातील डॉ. आर. राजलक्ष्मी यांनी अनेक वर्षे हाच विचार मांडला. परदेशी पुस्तकातील आहार येथे जसाच्या तसा सांगण्यापेक्षा आपल्याकडे पिकणाऱ्या, स्वस्त पदार्थांतून पोषण साधावे, यावर त्यांनी काम केले. महाग तेच पौष्टिक, हा समज आपल्याच शहरातील विद्यापीठात तपासला गेला आहे हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

बाटलीतले ‘क’ : खरे किती?

मग सीरम हे सगळे थोतांड आहे का? तसे म्हणणे खरे होणार नाही. पालकसभेत काही मातांनी मला विचारले, “बाई, आम्ही लावावे का?” त्यांच्यासाठी जे माहीत आहे ते सांगते.

‘क’ जीवनसत्त्व बाहेरून लावल्यावर त्वचेत शिरू शकते, परंतु त्याला अटी आहेत. द्रावण बरेच आम्लधर्मी, म्हणजे पीएच साडेतीनपेक्षा कमी असावे लागते. प्रमाण साधारण १० ते २० टक्के असावे. २० टक्क्यांपुढे गेल्याने शोषण वाढत नाही, आग मात्र वाढते. म्हणून ‘३० टक्के’ लिहिलेली बाटली जास्त चांगली, हा हिशेब चुकीचा आहे. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी ‘सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट’ किंवा ‘मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट’ अशी सौम्य रूपेही मिळतात. त्यांचा परिणाम तुलनेने मंद असतो.

कापलेले सफरचंद काही वेळाने तपकिरी पडते, हे आपण पाहतो. ‘क’ जीवनसत्त्वाचे द्रावणही हवा आणि प्रकाश लागल्यावर असेच बिघडते. आधी पिवळे होते, मग तपकिरी. तपकिरी झालेले सीरम टाकून द्यावे. काळ्या किंवा गडद रंगाची, घट्ट झाकणाची बाटली घ्यावी आणि ती खिडकीत ठेवू नये. ‘ई’ जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल सोबत असेल तर द्रावण जास्त टिकते आणि उन्हापासूनचे रक्षणही वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे.

प्रौढांपैकी ज्यांना वापरायचे असेल त्यांनी हा क्रम ठेवावा :

१. प्रथम कोपराच्या आतील बाजूला थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास चेहऱ्यावर लावू नये.

२. कमी प्रमाणाचे, १० टक्क्यांच्या आसपासचे द्रावण घेऊन एक दिवसाआड सुरुवात करावी.

३. सकाळी चेहरा धुऊन, कोरडा करून, तीन-चार थेंब पुरेत. डोळ्यांजवळ आणि फुटलेल्या त्वचेवर लावू नये.

४. त्यावर साधे मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. सीरम हे सनस्क्रीनच्या जागी चालत नाही. ऊन न टाळता नुसते सीरम लावणे म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी उपसणे.

५. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. ‘सात दिवसांत’ असे जेथे लिहिलेले असेल तेथे संशय घ्यावा.

६. लाली किंवा आग टिकून राहिली तर ताबडतोब बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणि विद्यार्थिनींनो, तुमच्यासाठी : तेरा-चौदाव्या वर्षी तुमची त्वचा भरपूर कोलॅजेन स्वतः तयार करीत असते. तुम्हाला या बाटलीची गरज नाही. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुणे, पुरेशी झोप, पाणी, फळे आणि उन्हापासून रक्षण एवढे पुरे. तरसाली ते मकरपुरा सायकलने जाताना चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळणे हे मुलींना जुन्या पद्धतीचे वाटेल, पण त्वचेसाठी ते खरोखर चांगले आहे. मुलांनी टोपी घालावी. मैदानावर खेळणाऱ्यांनी सनस्क्रीन जरूर लावावे. मुरुम फार असतील तर लाजू नये, फोडू नये, डॉक्टरांकडे जावे. हे सर्व मुलग्यांसाठीही लिहिले आहे. चेहऱ्याची चिंता मुलांनाही असते, ते बोलत नाहीत इतकेच.

मग लिंबू का चालत नाही?

आता आपल्या नववीच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. लिंबाच्या रसात ‘क’ जीवनसत्त्व थोडेच असते, बहुतेक सायट्रिक आम्ल असते. रस इतका आंबट असतो की त्वचेचा वरचा थर दुखावतो. त्याहून मोठा धोका दुसराच आहे. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि नंतर काळे-तपकिरी डाग पडतात. रस ओघळला असेल तसे डागही ओघळासारखे दिसतात. तिच्या गालावर तेच झाले होते. असे डाग जायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. उजळ दिसण्यासाठी लावलेल्या गोष्टीने उलट डाग दिले.

याच कारणाने लिंबू किंवा ताजी साल घासून उन्हात बसू नये. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड असते, मग ते कसे चालते, असे कोणी विचारील. उटणे पहाटे अंधारात, तेल लावून, थोडा वेळ लावले जाते आणि लगेच धुतले जाते. त्यातही ‘क’ जीवनसत्त्व फारसे उरलेले नसते. उटण्याचा उपयोग मळ काढण्याचा आणि सुगंधाचा. तो आनंद घ्यावा, त्याला औषध समजू नये.

खरा धोका कोठे आहे?

लिंबाचे डाग जातात. परंतु ‘गोरे करणारे’ म्हणून बिननावाच्या डब्यांतून जे विकले जाते, त्याचे नुकसान कधी कधी भरून येत नाही. अशा काही क्रीममध्ये स्टिरॉइड मिसळलेले असते. सुरुवातीला चेहरा छान उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस आणि मुरुम येतात आणि क्रीम बंद केले की आग होते. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी शेजारणीच्या सांगण्यावरून ती आणली जातात.

काही क्रीममध्ये पारा असतो. २०२३ साली अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. शोध घेतल्यावर कारण निघाले त्या वापरत असलेले चेहऱ्याचे क्रीम. त्यात पारा होता. चेहऱ्याला लावलेली वस्तू मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून ज्या डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख नाही, तो घरात आणू नये. ‘व्हिटॅमिन सी’ हे दोन शब्द अशा डब्यावरही छापता येतात.

थोडे मनातले

त्या मुलीला मी विचारले, “उजळ कशाला दिसायचे होते गं?” ती म्हणाली, “घरी पाहुणे आले की माझ्या बहिणीला म्हणतात, ही आईवर गेली. मला म्हणतात, ही जरा सावळी आहे, पण नाकीडोळी चांगली.” त्या ‘पण’ने तिला लिंबू चोळायला लावले.

पालकहो, हा ‘पण’ आपण सगळेच वापरतो. मीही वापरला आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी पत्रात आम्ही ‘निमगोरी’ लिहिले होते आणि आम्हाला त्यात काही गैर वाटले नव्हते. ती त्याविषयी एक शब्द बोलली नाही. पंचवीस वर्षांनी तिने सहज सांगितले की ते पत्र तिने वाचले होते. त्यानंतर मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते कडक उन्हापासून रक्षण करते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात ही देणगीच आहे. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला गेला. कंपनीने नाव बदलले, आता घरातील बोलणे बदलण्याचे काम आपले आहे.

विश्वस्त मंडळास विनंती

आता स्नेहसंमेलनाविषयी. खर्चाची अडचण मला ठाऊक आहे. मराठी शाळांतील पटसंख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि प्रत्येक रुपया मंडळ कसा उभा करते हे मी जवळून पाहते. तरीही माझे मत असे आहे की नमुन्याच्या पुड्या आपल्या मुलींच्या हाती देऊ नयेत. ते क्रीम वाईटच आहे असे माझे म्हणणे नाही. ते मी तपासलेले नाही. पण शाळेने दिलेली वस्तू मुले प्रश्न न विचारता घेतात. चौदा वर्षांच्या मुलीला शाळेतूनच चेहरा उजळवण्याची पुडी मिळाली, तर तिचा चेहरा जसा आहे तसा पुरेसा नाही असे आपणच तिला सांगितल्यासारखे होईल. मंडपाच्या खर्चासाठी ही किंमत फार आहे.

माझा पर्याय साधा आहे. या वर्षी मंडप लहान करू, कार्यक्रम सकाळी आवारातील झाडांच्या सावलीत घेऊ. स्टॉल लागेलच, तो विज्ञान मंडळाच्या मुलांचा. नववीच्या वर्गाने आयोडीनच्या द्रावणाने लिंबू, जामफळ, आवळा आणि बाजारातील सरबत यांतील ‘क’ जीवनसत्त्व तपासण्याचा प्रयोग दाखवावा. स्टार्चमुळे निळे झालेले आयोडीन या जीवनसत्त्वाने रंगहीन होते, त्यामुळे कोणात जास्त आहे ते डोळ्यांनी दिसते. प्रयोगशाळेतील साहित्य पुरेसे आहे. पाहुण्यांना नाश्त्यात जामफळाच्या फोडी मीठ-मिरची लावून देऊ.

हा प्रयोग मांडण्याची जबाबदारी मी त्याच मुलीकडे दिली आहे. तिच्या गालावरचे डाग आता बरेच फिके झाले आहेत आणि ती तोंडाला रुमाल लावत नाही. परवा ती मला विचारीत होती, “बाई, सीरमपण तपासून बघायचे का? आईने एक आणलेय.” मी होकार दिला आहे. निकाल स्नेहसंमेलनाच्या दिवशी फलकावर लागेल. सर्व पालकांनी अवश्य यावे.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका